कोपऱ्यातलं ऑफिस

परवा सांगलीहून भाच्याचा फोन आला. "आत्या, जरा हळू बोलतो हं, बाबा झोपलेत," असं म्हणून पुढची दहा मिनिटं तो चांगला मोठ्याने बोलत होता. विषय काय, तर त्याला वरच्या खोलीतलं कामाचं टेबल बदलायचंय आणि वहिनीने साताऱ्यात केलंय तसं हवंय. वहिनी म्हणजे आमच्या सूनबाई. "तेवढी मापं पाठव ना." मी टेप घेऊन तिच्या खोलीत गेले. टेबल मोजायला दोन मिनिटं लागली, पण मग तिथेच खुर्चीवर बसून राहिले. गेल्या पाच-सहा वर्षांतलं बरंच काही डोक्यात फिरायला लागलं. म्हटलं, लिहूनच काढावं.

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. बेडरूममध्ये ऑफिसचा कोपरा करावा की करू नये, या वादात मी 'करावा' म्हणणाऱ्यांतली आहे. पण सुतार आपल्याला फक्त टेबल करून देतो. त्या टेबलाचं ऑफिस व्हायचं की नाही हे घरातल्या बाकीच्यांच्या हातात असतं, आणि आपल्या घरांत तर टेबलाशी पुरुष बसलाय की बाई, यावर ते ठरतं. हे मी कुणाला शिकवायला लिहीत नाहीये बरं का. चूक करणाऱ्यांत मी पहिली होते, ते पुढे येईलच.

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं, आणि सासर साताऱ्याचं. वडील शेवटपर्यंत सांगली जिल्ह्याला 'दक्षिण सातारा' म्हणत. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली ती आणि साताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग मिळून तो वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. मोठी खोली मध्ये भिंत घालून दोन भावांना वाटून द्यावी तसं. असो, विषय खोल्यांचा आहे म्हणून आठवलं.

तर वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पेढीवर गादी, पाठीशी तक्क्या आणि पुढ्यात उतरत्या झाकणाचं ठेंगणं डेस्क. तसंच एक जुनं डेस्क आमच्या घरीही होतं. दिवाळीच्या आधी हिशेब पुरे करायचे असत, पाडव्याला नव्या वह्यांची पूजा. त्या पंधरा दिवसांत वडील कीर्द-खतावणी घरी आणायचे. आमच्या घरात 'बेडरूम' नव्हतीच. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे एक अंधारी खोली. रात्री माजघरात सहा जणांची अंथरुणं पडायची. सकाळी वळकट्या करून भिंतीशी रचल्या की त्याच जागी डेस्क यायचं, दुपारी तिथेच आम्ही अभ्यासाला बसायचो, संध्याकाळी तिथेच पानं मांडायची. म्हणून कुणी म्हणालं, झोपायच्या खोलीत काम करणं हे नवीन खूळ आहे, तर मला हसू येतं. नवीन आहे तो डबलबेड. तो दिवसभर हलत नाही, त्यामुळे बाकीच्या सगळ्यांनी उरलेल्या जागेत मावायचं.

त्याच माजघरात खिडकीशी आईचं शिवणाचं मशीन होतं. आई बाहेरची शिवणं घ्यायची. पोलकी, परकर, शाळेचे गणवेश. जूनमध्ये तिच्या पैशांतून आमची पुस्तकं यायची. वडील डेस्कापाशी बसले की आम्ही पोरं चवड्यावर चालायचो. आई मशीनवर बसली की मात्र "आई, भूक लागली," "आई, ह्याने मारलं," "अगं, चहा टाक." पाय थांबायचे, चाक थांबायचं, ती उठायची. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिलाही नाही, मलाही नाही.

पुढे माझंही तेच झालं. विलिंग्डनमधून बी.ए. केलं, मग बी.एड., लग्न होऊन साताऱ्याला आले आणि इथल्या एका शाळेत तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं. मार्च-एप्रिलमध्ये दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यायचे. घरात एक टेबल होतं, ते यांचं. यांचं म्हणजे असं काही कुणी ठरवलं नव्हतं, पण होतं. हे टेबलावर पेपर वाचायचे आणि मी जमिनीवर पेपर तपासायची. :) स्वयंपाकघराच्या दाराशी पाट, त्यावर गठ्ठा, पंखा बंद, कारण कागद उडतात. एका वर्षी आमटीला फोडणी देताना एक शिंतोडा उत्तरपत्रिकेवर उडाला. कुणाच्या मुलाची ती, मला नाव-गाव माहीत नव्हतं. टाल्कम पावडर टाकून तेल टिपलं, डाग फिका झाला, पण रात्रभर झोप नाही. नियामकांनी विचारलं तर काय सांगू? आमटीच्या फोडणीत बोर्डाचं काम करत होते म्हणून? त्या रात्रीसुद्धा मला, 'दोन आठवडे ते टेबल मला द्या,' असं यांना म्हणावंसं वाटलं नाही. हे काही वाईट नव्हते हो, मागितलं असतं तर लगेच उठले असते. मागायचं सुचलंच नाही.

आता सांगलीचं. दादाचं घर नदीपासून फार लांब नाही. २००५ च्या पुरात खालच्या मजल्यावर गुडघाभर पाणी आलं होतं. हरिपूरची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीतली ती मोठी कोठारं, त्यांत पाणी शिरलं तेही त्याच वर्षी. वडील असते तर त्यांनी घरापेक्षा पेवांचं दुःख जास्त केलं असतं. मग १४ वर्षं सगळे विसरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून कल्पना करा. भाचा हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामं बघतो. त्याचं ऑफिस रस्त्याकडच्या खोलीत, खाली. पाणी टेबलाच्या वर चढलं. कॉम्प्युटर डोक्यावर धरून त्याने वर नेला, पण कपाटातल्या फायली राहिल्या. पाणी ओसरल्यावर मी गेले तेव्हा त्या फायली चिखलाच्या विटांसारख्या अंगणात मांडून ठेवल्या होत्या. उन्हात वाळल्या तरी उघडेनात. पान सोडवायला गेलं की तुकडे हातात.

तेव्हापासून त्याचं ऑफिस वरच्या बेडरूममध्ये गेलं. 'तात्पुरतं' म्हणून. २०२१ च्या जुलैत परत पूर आला, मग खाली आणायचा विषयच संपला. सांगलीत नदीकडच्या भागात घर असणाऱ्यांना हे सांगायला नको. खाली फक्त धुता येईल आणि उचलता येईल एवढंच ठेवायचं, मोलाचं सगळं वर. म्हणजे शहरातल्या लोकांना कंपनीने घरून काम करायला सांगितलं म्हणून बेडरूममध्ये ऑफिस आलं, आमच्या भाच्याला कृष्णामाईने सांगितलं.

तर तो त्या कोपऱ्यात बसला की घर कसं वागतं ते मी पाहिलेलं आहे. महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास त्याची रिटर्नची घाई असते. त्या दिवशी मिक्सर लावायचा नाही. त्याची बायको खाली सोप्यात लहान मुलांच्या शिकवण्या घेते, तिची मुलं पाढे मोठ्याने म्हणायला लागली की दादाच त्यांना दटावतो, "हळू रे, वर काम चाललंय." चहा वर जातो. पाहुणे आले तर "तो कामात आहे, बसा, येईल." पाहुणेही बसतात, कुणाला राग येत नाही.

आणि आमच्या साताऱ्यात काय झालं?

२१ मार्च २०२०, शनिवार. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू होता, म्हणून मुलगा, सूनबाई आणि नात पुण्याहून दोन बॅगा घेऊन आले. चार दिवसांसाठी. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. दोघंही कॉम्प्युटरमधले. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलगा हॉलमध्ये यांच्या टेबलाशी बसला. हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, टेबल रिकामंच होतं. सूनबाई खोलीत पलंगावर बसली. पाठीशी दोन उशा, मांडीवर लोड, लोडावर लॅपटॉप. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. टेबल त्याच्याकडे गेलं आणि पलंग तिच्याकडे, पाणी उताराकडे जातं तसं. पगार तिचा त्याच्यापेक्षा थोडा जास्तच होता, हेही सांगून ठेवते.

आणि मी दिवसातून दहा वेळा त्या खोलीत डोकवायची. "अगं, रवा कुठल्या डब्यात ठेवलास?" "अगं, घंटागाडी आली, ओला कचरा कुठला?" "हिला तुझ्याजवळ बसव जरा, माझी पोथी राहिलीय." मुलाला यातलं एकही विचारलं नाही. तो हॉलमध्ये, माझ्यापासून सहा फुटांवर. त्याला ओलांडून मी तिच्याकडे जायची. का, तर तो कामात होता आणि ती घरात होती.

वन्सं हे वाचतीलच, म्हणून आधीच सांगते, पुढच्या प्रकारात त्यांचा काडीचा दोष नाही. २०२१ च्या दिवाळीनंतर त्या आल्या होत्या. दुपारचे साडेतीन-चार. खोलीचं दार लोटलेलं. मी टकटक केलं, उत्तराची वाट न बघता उघडलं आणि म्हटलं, "अगं, पाच मिनिटं बाहेर ये ना, आत्या आल्यात, नमस्कार करून जा." तिने हाताने 'थांबा' अशी खूण केली. मी दारात उभीच राहिले. मग ती उठली. हेडफोन गळ्यात तसाच. नमस्कार केला, बसली, आणि कपबशांकडे बघून आपण होऊनच चहा टाकायला आत गेली. मी 'राहू दे' म्हटलं नाही. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील.

आठ दिवसांनी मुलाकडून कळलं. त्या दिवशी तिने सहा महिने केलेलं काम वरिष्ठांना दाखवायचं होतं. तिचा नंबर आला तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात आलं किसत होती. तिच्या जोडीदाराने तिच्या भागाचंही सांगून टाकलं आणि पुढच्या कामाचं प्रमुखपण त्याच्याकडे गेलं. तिला ते मिळायला आणखी दीड वर्ष लागलं. "मग तिने ऑफिसात काय सांगितलं?" मी विचारलं. "नेट गेलं होतं म्हणून सांगितलं," तो म्हणाला.

मंडळी, हे वाक्य मला फार लागलं. तिने आमची लाज राखली होती. आणि मला तिने एका शब्दाने काही सुनावलं नव्हतं, उलट त्या रात्री वन्संना पोचवायला स्टँडवर गेली होती. मी तेहेतीस वर्षं वर्गावर होते. तास चालू असताना कुणाचे पालक आले, अगदी माझे सख्खे काका आले, तरी शिपायाला सांगायची, मधल्या सुट्टीत भेटते म्हणावं. काका कौतुकाने थांबायचे. वर्गाला दार होतं, फळा होता, घंटा होती, म्हणून माझं काम सगळ्यांना दिसत होतं. हिचं काम मांडीवरच्या लोडावर होतं, ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आपण खोल्या बदलूया.

इथे थोडं गणित. मास्तरीण आहे, फळ्यावर मांडल्याशिवाय समजावता येत नाही. त्यांची खोली १० बाय ११. पलंग सहा बाय सव्वासहा. माणसाला नीट बसायचं तर टेबल दोन फूट खोल आणि खुर्ची मागे सरकवायला तीन फूट, असे पाच. सव्वासहा अधिक पाच, सव्वाअकरा. पाव फूट कमी पडतं! दोन वर्षं त्या पाव फुटापायी ती पलंगावर बसत होती. माझी खोली १० बाय १३. त्यात मी एकटी, माझी खाट आणि यांची रिकामी खाट. त्या खोलीच्या दक्षिणेच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. सकाळी उठल्या उठल्या किल्ला बघायची चाळीस वर्षांची सवय. सोडताना जड गेलं, खोटं का बोलू. मुलगा "नको गं आई" म्हणत राहिला, सूनबाई काहीच बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मी होकार धरलं. २०२२ च्या संक्रांतीला सामान हललं. यांची खाट गरजू कुटुंबाला दिली.

टेबलासाठी आधी मी आईचं मशीन सुचवलं. ते माझ्याकडेच आहे. वरचं डोकं काढून फळी टाकली की उंची बरोबर टेबलाएवढी. मला कल्पना फार आवडली होती. ती दोन दिवस बसली आणि म्हणाली, "आई, पाय कुठे ठेवू?" खाली पायट्याची लोखंडी जाळी, गुडघे आपटत होते, आणि विचारात पडली की पाय आपोआप पायटा हलवायचे, कुर्र कुर्र आवाज पलीकडच्यांना ऐकू जायचा. मशीन परत माझ्या खोलीत आलं. मग मिस्त्रींकडून साधं टेबल करून घेतलं. चार बाय दोन, उंची २९ इंच, वर सनमायका. खण एकच, पण त्याला कुलूप. तो माझा हट्ट.

टेबल मांडताना माझी मास्तरकी पुन्हा जागी झाली. शाळेत शिकलेलं पक्कं, उजेड डाव्या हाताने यावा, म्हणजे लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. म्हणून टेबल पश्चिमेच्या भिंतीला लावलं, खिडकी डावीकडे. तीन चुका झाल्या. एक, साताऱ्याचा पाऊस. पश्चिमेच्या भिंतीला जुलैत ओल धरते, टेबलाच्या मागच्या कडेला बुरशी आली. दोन, भिंतीकडे तोंड केल्यावर मीटिंगमध्ये तिच्या पाठीमागचा पलंग सगळ्यांना दिसायचा, वाळत टाकलेल्या कपड्यांसकट. आणि तीन, सूनबाई डावखुरी आहे! बारा वर्षं घरात असलेली मुलगी कुठल्या हाताने लिहिते हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. मग टेबल भिंतीपासून ओढून उलटं फिरवलं. आता ती भिंतीकडे पाठ करून बसते, उजेड उजवीकडून येतो, पाठीमागे नुसती भिंत, आणि दार समोर, म्हणजे कोण येतंय ते तिला दिसतं. वायरमनने पलंगामागे अडकलेला प्लग इकडे आणून दिला, राउटर हॉलमधून खोलीत आला आणि तो इन्व्हर्टरला जोडला. मुलगा कुरकुरला, मॅच बघताना रेंज येत नाही म्हणून. म्हटलं, जरा खुर्ची सरकवून बस.

नातीने दारावर चिकटवायला एक पाटी केली, 'तास चालू आहे'. शब्द माझा, अक्षर तिचं. पाटी लागल्यावर पहिल्या आठवड्यात तीनदा नियम मोडला गेला आणि तिन्ही वेळा मीच मोडला.

मोबाइलवर हल्ली घरातल्या ऑफिसच्या सजावटीचे पुष्कळ व्हिडिओ येतात. पांढरं टेबल, कोपऱ्यात मनीप्लांट, पिवळा दिवा, भिंतीवर इंग्रजी सुविचार. बघायला छान वाटतात. पण त्यांत कुणीच सांगत नाही की दुपारी साडेतीनला पाहुणे आले तर चहा कोण टाकणार. सरकारने २०१९ साली लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, म्हणजे पाच तास, आणि ते काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. हे टाळेबंदीच्या आधीचं. ऑफिसच घरात आल्यावर ही पाच तासांची बाई ऑफिसच्या आठ तासांत कुठेही घुसू शकते. २०१७ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा सुधारला, रजा २६ आठवड्यांची केली, आणि त्यानंतर काम तशा प्रकारचं असेल तर मालकाशी ठरवून घरून काम करायची सोयही त्यात घातली. चांगलंच केलं. पण सासूने दार उघडू नये असं कलम कायद्यात घालता येत नाही ना.

व्हर्जिनिया वुल्फ नावाच्या इंग्रज लेखिकेचं नाव मी निवृत्त झाल्यावर ऐकलं. आमचं बी.ए. मराठीतून, कुणी सांगितलं नव्हतं. बाईला लिहायचं तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी, असं तिने म्हटलं ते १९२९ साली. सांगलीचा आयर्विन पूल खुला झाला तेही १९२९. पूल आपल्याकडे वेळेवर आला म्हणायचा. :) खोलीच्या दाराला कुलूप हवं, असंही ती म्हणते. सूनबाईचा पगार माझ्या पेन्शनच्या कितीतरी पट आहे, आता खोलीही आहे, पण आपल्या घरात सुनेने आतून कडी लावली तर गहजब होईल. म्हणून आमच्यात नातीची पाटी.

आमच्या जाऊबाईंचं मत वेगळं आहे आणि त्या मुद्द्यात तथ्य आहे. त्या म्हणतात, "झोपायच्या खोलीत काम आणलं की झोपही जाते आणि नवरा-बायकोतलं बोलणंही जातं." खरं आहे. सूनबाईचे अमेरिकेतल्या लोकांशी फोन आठवड्यातून दोनदा रात्री साडेआठला सुरू होतात, कधी साडेदहा वाजतात. मुलगा २०२१ पासून इथल्याच एमआयडीसीत जातो, त्याला सकाळी साडेसहाला उठायचं असतं. त्या रात्री तो हॉलमध्ये सतरंजीवर आडवा होतो. मध्ये पडदा लावून पाहिला, पडद्याने आवाज थोडाच अडतो! आम्हाला यावर उपाय सापडलेला नाही. पण जाऊबाईंना मी विचारलं, मग कोपरा कुठे करायचा? हॉलमध्ये टीव्ही, स्वयंपाकघरात कुकर. त्या म्हणाल्या, "मग ऑफिसात जावं." ऑफिस पुण्यात, ११० किलोमीटर. २०२३ पासून तिला आठवड्यातून दोन दिवस जावं लागतंच, पहाटे निघून रात्री परत. पाचही दिवस जायचं तर एक तर नोकरी सुटेल नाही तर सातारा. दोन्ही चालणार असेल तर बेडरूम मोकळी ठेवा, असं माझं उत्तर आहे. जाऊबाई गप्प बसल्या, पण पटलेलं दिसलं नाही.

भाच्याला मी मापं पाठवली. पाठवताना विचारलं, "तुझ्या बायकोचं कपाट कुठेय सध्या?" तो म्हणाला, "कुठलं?" कुठलं म्हणजे! ऑफिस वर गेलं तेव्हा तिचं कपाट जिन्यावरच्या बोळात गेलं, ते अजून तिथेच आहे. ती बोळातच केस विंचरते, शिकवणीच्या वह्या त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात, आणि पुरात सगळ्यात आधी त्याच वह्या वर न्यायच्या असतात हे तिलाच लक्षात ठेवावं लागतं. म्हटलं, "आधी ते कपाट आत घे, मग जी जागा उरेल तिच्यात टेबल बसव. चारचं नाही मावलं तर तीनचं कर." पलीकडून "बघतो" आलं. आमच्या माहेरच्या माणसांच्या 'बघतो'चा अर्थ मला माहीत आहे, म्हणून दिवाळीला जाईन तेव्हा टेप बरोबर नेणार आहे.

हे मी तिच्याच टेबलाशी बसून लिहितेय. आज गुरुवार, ती पुण्याला गेलीय. "मंगळवार-गुरुवार टेबल रिकामंच असतं, आई, तुम्ही बसा की," असं तिनेच सांगितलं. उजवीकडच्या खिडकीत किल्ला आहे, आता ढगात गेलाय. खुर्ची मला उंच होते, पाय लटकतात, म्हणून दांडी ओढून खाली घेते. ती यायच्या आत परत वर करून ठेवायची असते, मिस्त्रींनी भिंतीवर ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघेपर्यंत. स्वारगेटहून साडेपाचची गाडी मिळाली तर साडेआठपर्यंत येईल. मुलगा आत्ताच दारात येऊन गेला, चहाची पावडर कुठे आहे विचारायला. पाटी लावलेली आहे, मी दाखवली.